ऑपरेशननंतर पोटात आतडी का चिकटतात आणि त्यात इम्युनिटीचा हात किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाचं ऑपरेशन झालेल्या लोकांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि काही नर्सिंगच्या मुलांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून टाकले. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली खाली गुंता वाढत जातो. आपल्याला हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल.

१. "आतडी चिकटली" म्हणजे नक्की काय कशाला चिकटतं?

पोटाच्या भिंतीला आतून आणि आतडी, लिव्हर, गर्भपिशवी यांना बाहेरून एक पातळ ओलसर अस्तर असतं, पेरिटोनियम. त्याच्या वरच्या थरात पेशींची फक्त एकच रांग असते, तिला मेसोथेलियम म्हणतात. एका पेशीची जाडी, पण सगळं पसरलं तर क्षेत्रफळ जवळपास अंगावरच्या कातडीइतकं. त्यावर दोन-चार चमचे पाणी असतं आणि त्या ओलाव्यामुळे आतडी दिवसभर एकमेकांवरून घसरत राहतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. हा थर कुठे खरवडला, सुकला किंवा भाजला तर तिथे समोरासमोरचे दोन पृष्ठभाग चिकटू शकतात आणि मधे व्रणाचा पट्टा तयार होतो, डॉक्टर त्याला ॲडहेजन म्हणतात. सगळे ॲडहेजन्स सारखे नसतात. काही कांद्याच्या पापुद्र्यासारखे, आरपार दिसणारे, हलकेच ओढले तर सुटणारे. काही जाड, पांढरट, आत रक्तवाहिन्या असलेले, कात्री लावल्याशिवाय न हलणारे. सगळ्यात जास्त वेळा चिकटतं ते ओमेंटम, म्हणजे आतड्यांच्या पुढे लोंबणारा चरबीचा पदर, आणि ते चिकटतं बहुतेक वेळा पोटावरच्या टाक्यांच्या आतल्या बाजूला.

२. मला ॲडहेजन्स झाले म्हणजे माझं ऑपरेशन बिघडलं का?

नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ॲडहेजन्स न होणं हाच अपवाद आहे. १९९० साली मेंझीस आणि एलिस यांनी दाखवलं की आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० लोकांचं पोट परत उघडलं तेव्हा ९३ टक्क्यांना ॲडहेजन्स होते, आणि ज्यांचं पहिल्यांदाच पोट उघडलं जात होतं त्यांच्यातही सुमारे १० टक्क्यांना सापडले, ते जुन्या सुजेमुळे किंवा जन्मापासूनचे.

पण असणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं ओपन ऑपरेशन झालेल्या जवळजवळ तीस हजार लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं, त्यातले साधारण एक तृतीयांश अशा कारणांसाठी परत भरती झाले जी ॲडहेजन्सची असू शकतात किंवा ॲडहेजन्समुळे अवघड होतात, मात्र सगळ्या परत-भरतींपैकी थेट ॲडहेजन्समुळे झालेल्या ६ टक्क्यांहून कमी होत्या. म्हणजे बहुतेक लोक पोटात ॲडहेजन्स घेऊन आयुष्यभर मजेत फिरतात.

३. यात इम्युन पेशी नेमक्या कुठे येतात? व्रण तर टाक्यांमुळे होतो ना?

टाका, कात्री, कॉटरी (विजेने भाजून कापायचं, रक्त थांबवायचं हत्यार) यांनी फक्त सुरुवात होते. पुढचा सगळा कारभार पेशींचा.

अस्तर दुखावलं की काही मिनिटांत तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि त्या पाण्यातल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं, म्हणजे रक्ताची गुठळी ज्याची बनते तेच चिकट धागे. हे धागे दोन पृष्ठभागांमध्ये पूल बांधतात. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही, हे सगळ्यांचंच होतं. मेसोथेलियमच्या पेशी टीपीए नावाचं एन्झाइम सोडतात, त्याने प्लाझ्मिन तयार होतं आणि प्लाझ्मिन ते धागे दोन-तीन दिवसांत विरघळवून टाकतं. पूल गेला, विषय संपला.

घोळ होतो तो विरघळण्याच्या कामाला ब्रेक लागतो तेव्हा. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल्स (सगळ्यात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात, मग एक-दोन दिवसांत मोनोसाइट आणि त्यांच्यापासून बनणारे मॅक्रोफेज (कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी) येऊन बसतात, आणि या सगळ्यांनी सोडलेल्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असल्या सिग्नल्समुळे पीएआय-१ वाढतं. पीएआय-१ चं काम एकच, टीपीएला बंद करणं. शिवाय ज्या पेशी टीपीए बनवायच्या त्याच तर खरवडल्या गेलेल्या. मग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत धागे तसेच राहिले तर फायब्रोब्लास्ट (व्रण विणणाऱ्या पेशी) त्यात शिरतात, मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा हा सिग्नल सोडून त्यांना कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट धागे, टाकायला लावतात, रक्तवाहिन्या वाढतात, आणि तात्पुरता पूल कायमचा होतो. साधारण पाच ते सात दिवसांत निकाल लागलेला असतो.

न्यूट्रोफिल्सचा अजून एक उद्योग म्हणजे ते आपला डीएनए बाहेर फेकून जाळी करतात, जंतू अडकवायला. ही जाळी फायब्रिनमध्ये गुंतली की ते विरघळायला जड जातं. उंदरांमध्ये डीएनए तोडणारं एन्झाइम देऊन ॲडहेजन्स कमी झाल्याचं दिसलंय.

४. मग माझी इम्युनिटी जास्त स्ट्राँग म्हणून मला जास्त चिकटलं? की वीक म्हणून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. इम्युनिटी म्हणजे रेडिओचा आवाज नाही कमी-जास्त करायला. कुठल्या पेशी, कुठल्या तासाला, किती वेळ थांबल्या आणि जाताना काय सोडून गेल्या यावर सगळं ठरतं. ज्या मॅक्रोफेजने व्रण वाढवला त्याच जातभाईंनी कचरा उचलून अस्तर परत उभं करायला मदत केलेली असते. प्रतिकारशक्ती खरंच कमी असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि संसर्ग हे तर ॲडहेजन्सचं मोठं कारण (प्रश्न ११ बघा). त्यामुळे ऑपरेशनच्या आधी "इम्युनिटी बूस्टर" घेऊ का याचं माझं उत्तर कायम एकच, पैसे वाचवा.

५. एका बातमीत मॅक्रोफेजमुळे ॲडहेजन होतात असं वाचलं, दुसरीकडे मॅक्रोफेजच ॲडहेजन थांबवतात असं. खरं काय?

दोन्ही खरं, आणि दोन्ही अभ्यास २०२१ चेच. हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा सलाम, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे.

पोटातल्या त्या दोन-चार चमचे पाण्यात ऑपरेशनच्या आधीपासूनच मॅक्रोफेज तरंगत असतात. हे रक्तातून आलेले पाहुणे नाहीत, तिथलेच रहिवासी आहेत, आणि त्यांची ओळख गाटा-६ नावाच्या प्रोटीनवरून पटते. सायन्स या नियतकालिकात आलेल्या कामात झिंडेल, कुबेस आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या पोटाच्या भिंतीतून मायक्रोस्कोपने आत बघितलं आणि लेसरने अस्तरावर बारीकशी जखम केली. काही मिनिटांत हे तरंगते मॅक्रोफेज त्या जखमेवर येऊन एकमेकांना चिकटले आणि जखम बुजवली. रक्तात जे काम प्लेटलेट्स करतात ते इथे, रक्तवाहिनीच्या बाहेर, यांनी केलं. त्यासाठी ते स्कॅव्हेंजर रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे कचरा पकडायचे आकडे, वापरतात, त्यातल्या एकाचं नाव मार्को. छोट्या जखमेला हे उत्तम. पण ऑपरेशनसारखी मोठी उलथापालथ झाली की याच पेशींचे मोठमोठे पुंजके झाले आणि त्यांच्यावरून ॲडहेजन्स उभे राहिले. ते रिसेप्टर अडवले किंवा या पेशी काढून टाकल्या तर ॲडहेजन्स कमी.

त्याच वर्षी नेचर कम्युनिकेशन्समध्ये इतो आणि सहकाऱ्यांनी, त्यांनीही उंदरांवरच, दाखवलं की रहिवासी मॅक्रोफेज दुखावलेल्या जागी उघड्या पडलेल्या फायब्रिनवर पसरून एक थर करतात आणि गेलेल्या मेसोथेलियमची जागा तात्पुरती भरून काढतात, म्हणजे समोरचं आतडं येऊन चिकटायला जागाच राहत नाही. इथे या पेशी काढल्या तर ॲडहेजन्स वाढले. आणि आयएल-४ हा सिग्नल देऊन किंवा बाहेरून याच पेशी घालून थर दाट केला तर ॲडहेजन्स बरेच कमी झाले. रक्तातून नंतर येणारे मॅक्रोफेज या थरात सामील होत नाहीत, हेही त्यांनी बघितलं.

माझ्या समजुतीप्रमाणे विरोध वाटतो तितका नाही. जखम कशी केली, केवढी केली, पेशी पातळ थरात पसरल्या की गठ्ठ्यात जमल्या, यावर तीच पेशी रक्षक की अडथळा ते ठरतं. पण म्हणूनच "मॅक्रोफेज मारणारं औषध दिलं की झालं" असला शॉर्टकट मला पटत नाही.

६. टी सेल्सचं नाव का घेतात? ते तर व्हायरसशी लढतात ना?

तेही लढतात, हेही करतात. २००२ साली चुंग आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांमध्ये दाखवलं की सीडी४ टी सेल्स (बाकीच्या इम्युन पेशींना हुकूम देणारे टी सेल्स) ॲडहेजन्स तयार व्हायला हातभार लावतात आणि त्यात आयएल-१७ हा सिग्नल महत्त्वाचा, तो अडवला तर ॲडहेजन्स घटले. पुढे २००८ मध्ये जपानमधल्या कोसाका यांच्या गटाने नेचर मेडिसिनमध्ये लिहिलं की एनकेटी पेशींकडून (टी सेल्सचेच भाऊबंद) येणारा इंटरफेरॉन-गॅमा हा सिग्नल पीएआय-१ वाढवतो आणि टीपीए घटवतो. म्हणजे फिरून फिरून गाडी त्याच ब्रेकवर, जो प्रश्न ३ मध्ये आला.

७. म्हणजे सगळा दोष इम्युन पेशींचाच?

अजिबात नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की दुखावलेल्या मेसोथेलियमच्या पेशी स्वतःच रूप बदलून व्रणाच्या पेशी होतात. म्हणजे जे अस्तर वाचवायचं तेच व्रणाचा कच्चा माल. त्याच्याही खूप आधी, १९६२ साली, लंडनचे सर्जन हॅरॉल्ड एलिस सांगत होते की रक्तपुरवठा तुटलेला, घट्ट टाक्यांनी आवळलेला टिश्यू हे ॲडहेजनचं मोठं कारण आहे. आजही पोट बंद करताना पेरिटोनियमला वेगळे टाके घालायची गरज नाही असं जे मानतात त्यामागे हाही विचार आहे.

८. कातडीची जखम कडेकडेने भरते, मोठी असेल तर वेळ जास्त लागतो. आतली पण तशीच?

नाही, आणि हे मला फार आवडतं. पेरिटोनियमची जखम कडेने सरकत भरत नाही, सगळ्या जागेवर एकदमच नवीन पेशी बसायला लागतात, त्यामुळे रुपयाएवढी जखम आणि तळहाताएवढी जखम दोन्ही साधारण आठवड्याभरातच भरतात. म्हणजे नुसती जखम मोठी म्हणून चिकटतं असं नाही, त्या आठवड्यात फायब्रिनचा पूल टिकला तर चिकटतं.

९. दुर्बिणीने केलं तर ॲडहेजन्स होतच नाहीत ना?

कमी होतात, शून्य नाही. कापलेली जागा लहान, हातमोजे आणि कापडी मॉप आतड्यांवर घासत नाहीत, आतडी हवेत सुकत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचं नुकसानच कमी. स्कॉटलंडमधल्याच ७२,२७० लोकांचा अभ्यास २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात पाच वर्षांत थेट ॲडहेजन्समुळे परत भरती व्हावं लागलेले दुर्बिणीच्या गटात १.७ टक्के आणि ओपन गटात ४.३ टक्के. दुर्बिणीची पण एक बाजू आहे, पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साइड भरतात तो कोरडा आणि थंड असतो आणि दाबाखाली असतो, त्याने पण मेसोथेलियम दुखावतं, म्हणून गॅस गरम आणि दमट करून वापरायचे प्रयत्न चालू असतात.

१०. आईच्या पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, पहिलं छिद्र बेंबीऐवजी डाव्या बरगडीखाली केलं. चुकून केलं का?

चुकून नाही, विचार करूनच. आईंचं आधी कधीतरी बेंबीजवळून चीर देऊन ऑपरेशन झालेलं असणार. पहिलं छिद्र आंधळेपणी होतं, आत काय चिकटलंय ते दिसायच्या आधी, आणि जुन्या टाक्यांखालीच आतडं भिंतीला चिकटलेलं असेल तर सुई किंवा ट्रोकार (छिद्र पाडायची टोकदार नळी) थेट त्यातच जायची. म्हणून डाव्या बरगड्यांच्या कडेखाली साधारण तीन सेंटिमीटरवर, पामर्स पॉइंट म्हणतात त्या जागेतून शिरतात, तिथे ॲडहेजन्स क्वचित असतात. कॅमेरा आत गेला की मग बाकीची छिद्रं बघून करायची. अर्थात वरच्या डाव्या बाजूलाच, म्हणजे जठर किंवा प्लीहेचं, ऑपरेशन झालं असेल तर ही जागा पण टाळतात.

११. माझं अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. साध्या अपेंडिक्सपेक्षा मला जास्त चिकटणार का?

हो, शक्यता जास्त. जंतूंच्या भिंतीतले रेणू पाहून मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल्स दसपट पेटून उठतात असं नाही म्हणत, पण दिवसेंदिवस पेटलेले राहतात, आणि तेवढे दिवस प्रश्न ३ मधला ब्रेक पण लागलेलाच राहतो. शरीराच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही, आतडी आणि ओमेंटम चिकटून पू एका कोपऱ्यात कोंडला तर जीव वाचतो. ओमेंटमला सर्जन लोक पोटातला पोलीस म्हणतात ते उगाच नाही, त्यात पांढरे ठिपके असतात जे इम्युन पेशींचे छोटे अड्डेच आहेत.

आपल्याकडे यात टीबीची भर आहे. पोटाच्या टीबीत ऑपरेशन न होताही आतडी इतकी चिकटतात की कधी कधी सगळं लहान आतडं एका पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेलं सापडतं. त्यामुळे ऑपरेशन कधीच झालं नाही आणि तरी ॲडहेजन्स निघाले, तर टीबी, एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) आणि ओटीपोटाचा जुना जंतुसंसर्ग याबद्दल डॉक्टर विचारणारच.

१२. मला कातडीवर केलॉइड (जखमेवर उठणारे जाड, फुगीर व्रण) येतात. आत पण जास्त चिकटणार?

दुसऱ्यांदा सिझर होणाऱ्या बायकांमध्ये टाक्यांवर केलॉइड असेल तर आत दाट ॲडहेजन्स जास्त सापडल्याचं काही अभ्यासांत आलंय, आणि दोन्हीकडे टीजीएफ-बीटा आहेच. पण कातडी छान म्हणून पोट मोकळं, असा उलटा अर्थ काढू नका, सुबक टाक्यांखाली भयंकर चिकटलेलं पोट सर्रास सापडतं.

१३. इम्युन पेशीच कारण असतील तर ऑपरेशननंतर स्टिरॉइड किंवा सूज कमी करायची गोळी घेऊन त्यांना शांत का करत नाहीत?

करून बघितलंय, अनेक दशकं. प्राण्यांमध्ये फायदा दिसतो आणि माणसांत येऊन हवा निघते. स्टिरॉइडने जखम भरणं मंदावतं आणि संसर्ग वाढतो, आतडं कापून जोडलेलं असेल तर तो जोड भरणंही याच पेशींवर अवलंबून आहे. जो जोड धरायला हवा तो धरायचा आणि जे चिकटायला नको ते चिकटू द्यायचं नाही, हे एकाच गोळीला कसं सांगणार? आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखण्यासाठी देतात ते ठीक, ॲडहेजन्ससाठी म्हणून स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, किडनी आणि जठर दोघांना झेपत नाही.

१४. "जेल" किंवा "फिल्म" टाकतात ते काय? सगळ्यांना का टाकत नाहीत?

ते बॅरियर. पेशींशी वाद न घालता दोन पृष्ठभाग तो निर्णायक आठवडाभर वेगळे ठेवायचे, बस. सेप्राफिल्म हा हायलुरोनेट आणि सेल्युलोजचा पापुद्रा, इंटरसीड हे सेल्युलोजचं विणलेलं कापड, आणि अडेप्ट हे आयकोडेक्स्ट्रिनचं ४ टक्के द्रावण, जे पोटात सोडून देतात.

सगळ्यांना का नाही, तर एक म्हणजे किंमत, दुसरं म्हणजे फायदा मर्यादित. २००६ मध्ये सेप्राफिल्मची मोठी चाचणी आली, सतराशेच्या वर लोकांची, त्यात आतडं अडकण्याचं एकूण प्रमाण कमी झालं नाही पण ॲडहेजन्समुळे अडकून परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आलं. आणि आतड्याच्या ताज्या जोडावर ती फिल्म गुंडाळली तर जोड गळण्याचा धोका वाढतो. इंटरसीडचं वेगळंच, तिथे रक्त येत असेल तर ते कापड रक्ताने भिजून काळं पडतं आणि उपयोग संपतो, म्हणून आधी रक्तस्राव पूर्ण थांबवावा लागतो.

खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा बॅरियर म्हणजे सर्जनचा हलका हात. आतडी ओली ठेवणं, उगाच न चोळणं, रक्त साचू न देणं. हातमोज्यांची पावडर पण यातच येते, स्टार्चचे कण पोटात राहिले की मॅक्रोफेज त्यांच्याभोवती गोळा होऊन गाठी करतात. अमेरिकेने पावडरवाल्या हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदीच घातली.

१५. हळदीचं दूध, एरंडेल, पोटाचा मसाज, पट्टा, यातलं काय चालतं?

एरंडेलाने ॲडहेजन सुटत नाही, फक्त आतडं जोरात आवळतं, आणि ते आधीच कुठे अडकलेलं असेल तर एरंडेल धोकादायक. जेवणातली हळद खुशाल खा, कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. पट्ट्याने खोकताना आधार वाटतो, तेवढंच त्याचं काम, तो बांधल्याने चिकटत नाही आणि सुटतही नाही. ताज्या टाक्यांवर मसाज नको. लवकर उठून चालणं चांगलं, पायात गुठळी होऊ नये आणि आतडी चालू व्हावीत म्हणून.

१६. सोनोग्राफी, सीटी सगळं नॉर्मल आहे, मग डॉक्टर ॲडहेजन्स म्हणतात ते कशावरून?

पातळ ॲडहेजन्स साध्या सोनोग्राफीत किंवा सीटीत दिसत नाहीत, दिसतो तो त्यांचा परिणाम, म्हणजे एका जागी फुगलेलं आतडं आणि पुढे एकदम चपटं, रिकामं झालेलं. कुणी जाणकार रेडिओलॉजिस्ट श्वास घेताना आतडं भिंतीखालून सरकतंय की अडकतंय ते सोनोग्राफीत बघू शकतो, सिने एमआरआयनेही (आतडं हलताना चलचित्रासारखं दाखवणारा एमआरआय) तेच बघतात. बाकी जुनं ऑपरेशन आणि लक्षणं यांवरूनच अंदाज.

१७. सतत पोट दुखतं. दुर्बिणीने ॲडहेजन्स सोडवून घेऊ का?

घाई करू नका. सोडवताना परत अस्तर दुखावतं, परत फायब्रिन, परत त्याच पेशी, आणि नवे ॲडहेजन्स. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये नेदरलँड्सची एक चाचणी आली, जुनाट पोटदुखी आणि ॲडहेजन्स असलेल्या १०० जणांपैकी अर्ध्यांचे ॲडहेजन्स सोडवले आणि अर्ध्यांचे दुर्बिणीने फक्त बघून तसेच ठेवले. वर्षभराने दोन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि दोघांत फरक नव्हता. म्हणजे ॲडहेजन्स दुखूच शकत नाहीत असं नाही, त्यांच्यात नसांचे तंतू सापडलेत. पण दुखण्याची बाकीची कारणं आधी तपासा. आतडं वारंवार अडकत असेल तर गणित वेगळं, तिथे ऑपरेशनला अर्थ असतो.

१८. कुठल्या लक्षणाला थांबायचं नाही?

पोटात येऊन-जाऊन मुरडा, पोट फुगलेलं, हिरवट उलट्या, आणि शौच तर नाहीच पण गॅसही सुटत नाहीये. हे सगळं एकत्र आलं की रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघा. काही खाऊ-पिऊ नका, जुलाबाचं औषध नको, घरी एनिमा नको. मुरडा थांबून सतत असह्य दुखायला लागलं, ताप आला, नाडी पळायला लागली तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर प्रत्येकाचं लगेच ऑपरेशन होतं असं नाही. नाकातून नळी, सलाईन, आणि बऱ्याच ठिकाणी पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) देऊन एक्स-रे काढतात, ते चोवीस तासांत मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय सुटतं.

१९. ऑपरेशनला बारा वर्षं झाली, आजपर्यंत काही नाही. आता अचानक कसं अडकलं? पेशी परत जाग्या झाल्या का?

नाही, पेशींचा निकाल तेव्हा पहिल्या आठवड्यातच लागला होता. व्रणाचा पट्टा तेव्हापासून आहे, फक्त आतड्याचा वेटोळा त्याच्याखाली शिरून अडकायचा योग आज आला. प्रश्न २ मधल्या स्कॉटलंडच्या अभ्यासातही परत भरती होणारे दहाही वर्षं येत राहिले, पहिल्या वर्षानंतर ओघ आटला असं झालं नाही. त्यामुळे "आता इतकी वर्षं झाली, ते कसं असेल" म्हणून डॉक्टरांपासून जुनं ऑपरेशन लपवू नका.

२०. दोन सिझर झालेत. तिसऱ्या वेळी किंवा दिवस राहायला अडचण येईल का?

प्रत्येक सिझरगणिक ॲडहेजन्स वाढायची शक्यता वाढते. नेहमी त्रास देणारी जागा म्हणजे लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला चिकटणं, ती सोडवत जावं लागतं म्हणून बाळ बाहेर यायला वेळ लागतो आणि पिशवीला इजा व्हायचा धोका वाढतो. दिवस राहण्याचं म्हणाल तर ॲडहेजन्स नळ्या आणि बीजकोशाच्या आसपास असतील तर अडचण येऊ शकते, नळीचं तोंड स्त्रीबीज उचलायला मोकळं हवं. फक्त ओमेंटम वरच्या भिंतीला चिकटलं असेल तर त्याचा मूल होण्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे नळ्या बंद असण्यामागे जननमार्गाचा टीबी पण असतो, सगळं सिझरवर ढकलून ती तपासणी राहून जायला नको.

२१. उंदरांत एवढं सगळं जमलंय, मग माणसाला इंजेक्शन कधी?

उंदराचं ऑपरेशन प्रयोगासाठी एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने केलेलं असतं, वय सारखं, वंश सारखा, औषध बरोबर त्या क्षणाला दिलेलं. माणसाचं ऑपरेशन मध्यरात्री फुटलेल्या अपेंडिक्सचं असतं, डायबिटीस असतो, कॉटरी चाललेली असते. शिवाय चाचणीत मोजायचं काय? ॲडहेजन्स मोजायला पोट परत उघडावं लागतं आणि आतडं अडकेपर्यंत थांबायचं तर वर्षानुवर्षं आणि हजारो लोक लागतात. इम्युन पेशींना धरून केलेलं कुठलंही औषध ॲडहेजन्ससाठी नेहमीच्या वापरात नाही, कुणी विकत असेल तर सावध राहा.

२२. पुढच्या ऑपरेशनच्या आधी सर्जनला काय काय सांगू?

आधीची सगळी ऑपरेशन्स, कुटुंब नियोजनाचं पण, ते लोक हमखास विसरतात. पू झाला होता का, टीबीचं औषध घेतलं होतं का, मधे कधी आतडं अडकून भरती झाला होतात का. आणि डिस्चार्ज कार्डपेक्षा ऑपरेशन नोट्स मागून ठेवा, कार्डावर नुसतं ऑपरेशनचं नाव असतं, नोट्समध्ये "ओमेंटम जुन्या टाक्यांना चिकटलेलं, सोडवलं" अशी ओळ असू शकते आणि पुढच्या सर्जनला पहिलं छिद्र कुठे करायचं ते त्या एका ओळीवरून कळतं. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवलात तरी चालेल, फक्त घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पण पाठवून ठेवा.